आमटीत गोळी घालू नका

ताई, सप्रेम नमस्कार.

आमचे हे ६१ वर्षांचे. सात महिन्यांपूर्वी हार्ट ॲटॅक आला, अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट टाकला. घरी आल्यावर महिनाभर नुसते भिंतीकडे बघत बसायचे. मग गावातल्या योगवर्गाला जायला लागले आणि खरं सांगते, माणूस बदलला. चिडचिड गेली, झोप लागते, नातवाशी खेळतात. म्हणून मी काही बोलले नाही. पण वर्गाचे गुरुजी सांगतात की गोळ्या म्हणजे केमिकल, प्राणायामाने हृदय आपोआप बरं होतं, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी एक दिवसाआड, आणि बीपीची मनाला येईल तेव्हा. त्याऐवजी अर्जुन-अश्वगंधाचं चूर्ण दुधातून. मलाही देतात, माझी थायरॉईडची गोळी चालूच आहे. पुण्याचा मुलगा व्हॉट्सॲपवर पाठवतो की ध्यानाने मेंदू जाड होतो. तंबाखू मात्र सुटलेली नाही, "आधीपेक्षा कमी आहे" म्हणतात. मी स्वतः मिश्री लावते, त्यामुळे मला बोलायला तोंड नाही. गोळी कुटून आमटीत घालावी असं मनात येतं. घालू का? आणि शवासनात हे चक्क घोरतात, ते चालतं का?

— एक भगिनी, सातारा जिल्हा

ताई,

आमटीत घालू नका. बीपीच्या आणि नाडी आवरणाऱ्या काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. पाकिटावर नावापुढे एक्सएल, ईआर, एसआर अशी अक्षरं दिसतील. ती गोळी कुटली की चोवीस तासांचा डोस एका भुरक्यात पोटात जातो. आणि गोळीची कडू चव आमटीत लपत नाही. साठी उलटलेल्या नवऱ्याला एकदा संशय आला की तो गोळ्याच काय, तुमच्या हातची आमटीही सोडेल.

बाकीचं पत्र सावकाश वाचा, पण एक काम आजच करा. जिथे स्टेंट टाकला तिथल्या डॉक्टरांना फोन करून कुठली गोळी किती दिवस चुकली ते खरं खरं सांगा. ओरडा बसेल, बसू दे. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दोन-दोन एकदम देऊ नका. आणि मध्येच छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, जबडा किंवा हात दुखायला लागला, तर चूर्ण नाही, प्राणायाम नाही, १०८ लावायचा.

घाई का करायची ते सांगते. स्टेंट ही धातूची बारीक जाळी. रक्ताच्या दृष्टीने ती परकी वस्तू, म्हणून रक्तातल्या प्लेटलेट तिला चिकटून गुठळी करायला बघतात. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर त्या जाळीवर चढेपर्यंत प्लेटलेटना आवरून धरायचं काम तुमच्या यजमानांच्या त्या गोळ्या करतात. ॲटॅकनंतर बहुतेकांना दोन प्रकारच्या गोळ्या साधारण वर्षभर घ्याव्या लागतात, आणि त्यातली एक पुढेही चालू राहते. तुमचे सातच महिने झालेत. गुठळी झाली तर ती स्टेंटमध्येच होते, अचानक होते, आणि आधी कळवून येत नाही. बीपीच्या गोळ्यांमध्ये बीटा ब्लॉकर नावाचा प्रकार असेल, आणि ॲटॅकनंतर तो बऱ्याचदा असतो, तर तो एकदम सोडल्यावर दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटावी तशी नाडी उसळते. ज्या हृदयाला नुकती इजा झालीये त्याला हे झेपत नाही.

आता गुरुजींकडे वळते. त्यांचं सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. तुमचे यजमान शांत झालेत हे तुम्ही डोळ्यांनी बघताय, आणि तसं का होतं याची शरीरातली वाटही माहीत झालेली आहे.

ऑस्ट्रियात ग्रात्स गावी ओटो लोवी नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी बेडकाची दोन हृदयं काढून घेतली आणि मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवली. पहिल्या हृदयाच्या व्हेगस नसेला विजेचा हलका झटका दिला. मेंदूपासून निघून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी ही नस. ती चेतवली की हृदय मंदावतं, हे आधीपासून ठाऊक होतं. लोवींनी पुढे काय केलं, तर पहिल्या हृदयाभोवतीचं पाणी उचललं आणि दुसऱ्या हृदयावर सोडलं. त्या दुसऱ्याला कुणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावलं. म्हणजे नस पाण्यात काहीतरी सोडत होती. ते 'काहीतरी' म्हणजे ॲसिटिलकोलीन हे रसायन. प्रयोग १९२१ साली छापून आला, १९३६ साली नोबेल मिळालं. (हा प्रयोग स्वप्नात सुचला, उठून कागदावर खरडला, पण सकाळी आपलंच अक्षर लागेना, दुसऱ्या रात्री पुन्हा तेच स्वप्न पडलं तेव्हा थेट प्रयोगशाळा गाठली, असं लोवी स्वतः सांगत.)

बेडकाची गोष्ट मुद्दाम सांगितली. तुमचे यजमान श्वास लांबवतात, सावकाश सोडतात, तेव्हा हीच नस काम करते. मनगटावर बोट ठेवून बघा: श्वास सोडताना नाडी जराशी मंद होते, घेताना जराशी वाढते. तेव्हा गुरुजी ज्याला नाक मुरडून 'केमिकल' म्हणतात, त्याच्याचवर त्यांचा प्राणायाम चालतो. प्राणायाम आणि गोळी ही दोन घराण्यांची भांडणं नाहीत. दोघं शरीराशी एकाच भाषेत बोलतात, मात्र वेगवेगळ्या दारांतून आत शिरतात. व्हेगसच्या दारातून जाऊन नाडी उतरवता येते. स्टेंटवरच्या प्लेटलेटपर्यंत त्या दारातून पोचता येत नाही.

श्वासाचंच अजून एक सांगायचा मोह होतोय. २००१ साली इटलीतल्या लुचानो बर्नार्डी यांनी २३ माणसांना लॅटिनमधली मेरीमातेची जपमाळ म्हणायला लावली, नंतर 'ॐ मणिपद्मे हूं' म्हणायला लावलं. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, पण दोन्हीकडे श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची आतली यंत्रणा जास्त तत्पर झाली. तुमच्या घरी कुणी लयीत हरिपाठ म्हणत असेल तर एकदा घड्याळ लावून श्वास मोजा, गंमत वाटेल.

शवासनाचं संशोधन तर आपल्या मुंबईचंच. केईएम रुग्णालयात डॉ. के. के. दाते यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं. लोणावळ्याच्या कैवल्यधामचे विनेकर त्यात सहलेखक होते. निष्कर्ष १९६९ साली छापून आले. साधारण निम्म्या रुग्णांना चांगला फायदा झाला. ज्यांचा दाब गोळ्यांवर आटोक्यात होता, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची मात्रा मूळच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर आली. गुरुजींना हे ऐकून आनंद होईल, पण त्यांना पुढचंही ऐकवा. ती मात्रा डॉक्टरांनी कमी केली, दाब पुन्हा पुन्हा मोजून. कुणी मनाला येईल तेव्हा गोळी टाळली नव्हती. अभ्यास लहान होता. आणि ते सगळे रक्तदाबाचे रुग्ण होते. स्टेंट नावाची वस्तूच तेव्हा जगात नव्हती. पहिली अँजिओप्लास्टी १९७७ ची, माणसाच्या हृदयात पहिला स्टेंट बसला १९८६ साली.

मग तुमच्या यजमानांसारख्यांचं काय? त्यांच्यावरही अभ्यास झालाय, भारतातच, आणि त्याचे आकडे मी त्यांना स्वतः वाचायला देईन. नुकताच ॲटॅक येऊन गेलेले ३,९५९ रुग्ण, देशभरातली २४ रुग्णालयं. निम्म्यांना बारा आठवडे सौम्य आसनं, श्वसन, ध्यान आणि खाण्यापिण्याचं मार्गदर्शन. निम्म्यांना नेहमीची काळजी आणि माहिती. औषधं दोन्हीकडे चालू. २०२० साली निकाल आला. सुमारे बावीस महिन्यांत मृत्यू, पुन्हा ॲटॅक, पक्षाघात किंवा तातडीने रुग्णालयात भरती यांपैकी काहीतरी झालं ते योगाच्या गटात ६.७ टक्के लोकांना आणि दुसऱ्या गटात ७.४ टक्के लोकांना. एवढासा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून संशोधकांनी त्याला विजय म्हटलं नाही. पण योगाच्या गटातल्या लोकांना स्वतःची तब्येत बरी वाटू लागली, आणि ॲटॅकच्या आधीची कामं ते जास्त प्रमाणात पुन्हा करू लागले.

ताई, तुमच्या घरात नेमकं हेच घडलंय. भिंतीकडे बघणारा माणूस नातवाशी खेळायला लागला. ही किरकोळ गोष्ट नाही, आणि वर्ग बंद करा असं मी मुळीच सांगणार नाही. मात्र या अभ्यासात गोळ्या सोडून योग केलेला गट नव्हताच. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' या वाक्याची दोरी इथे तुटते.

वर्गात काय करतात ते मात्र डॉक्टरांना दाखवा. जोरजोरात पोट हलवायची कपालभाती, भस्त्रिका, श्वास कोंडून धरणं, डोकं खाली पाय वर, हे त्यांना विचारल्याशिवाय नको. अमेरिकेतून वेंगर आणि बागची नावाचे दोन संशोधक पन्नासच्या दशकात आपल्याकडे आले होते, हृदय थांबवून दाखवणारे योगी तपासायला. नाडी हाताला लागेना, ठोका कानाला ऐकू येईना, पण ईसीजीची रेघ मजेत चालूच. योगी श्वास कोंडून, छाती-पोटाचे स्नायू आवळून आतला दाब इतका वाढवायचे की रक्त हृदयाकडे परतायचंच थांबायचं. साधेल त्याला ते साधो, पण सात महिन्यांपूर्वी ॲटॅक आलेल्या माणसाने कुंभकाच्या नावाखाली तसा जोर लावू नये.

मुलाच्या व्हॉट्सॲपचं दोन ओळींत. २००५ मध्ये वीस ध्यानी लोकांच्या मेंदूच्या काही भागांचं आवरण जाड दिसलं, २०११ मध्ये आठ आठवड्यांच्या वर्गानंतरही बदल दिसल्याचं छापून आलं, आणि तेच फिरत राहिलं. २०२२ मध्ये दोनशेहून जास्त माणसं घेऊन आठ आठवड्यांचाच प्रयोग नीट पुन्हा केला, तेव्हा मेंदूच्या रचनेत तसा बदल सापडला नाही. ध्यानाने माणूस शांत होत असेल, तर होऊ दे की. त्यासाठी मेंदू जाड व्हायची काय गरज?

आता चूर्ण. 'झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतात' हे वाक्य माझ्या कानावर पडलं की मला सर्पगंधा आठवते, आणि पुन्हा केईएमच. दाते यांच्या शवासनाच्या वीस वर्षं आधी डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा परिणाम तपासून १९४९ साली ब्रिटिश हृदयविज्ञान मासिकात लेख लिहिला. जगभरच्या डॉक्टरांना त्यामुळे ही मुळी कळली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं आणि ते रक्तदाबाचं गाजलेलं औषध झालं. झाडाने दाब खरोखर उतरवला. पण काही रुग्ण हळूहळू उदास व्हायला लागले, काही तर पार खचले. रेसर्पिन नसांच्या टोकांशी साठवलेली नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिनसारखी रसायनं रिकामी करतं. दाब त्यामुळेच उतरतो, आणि मेंदूतला तोच साठा संपल्यावर मनही बसतं. नैराश्याचा मेंदूतल्या रसायनांशी संबंध असावा, या विचाराला जोर मिळाला तो अशाच निरीक्षणांतून. जे झाड काम करतं ते इतरत्रही काम करणारच. ज्याचा काडीचाही दुष्परिणाम नाही, त्याचा परिणाम तरी आहे का, असं मी आधी विचारते.

अश्वगंधाने काही लोकांची चिंता कमी होते, झोप सुधारते. असे लहान अभ्यास आहेत. पण ती सुस्ती आणू शकते, बीपीच्या औषधावर भर टाकू शकते, क्वचित यकृताला इजा झाल्याचीही नोंद आहे. आणि थायरॉईडचं संप्रेरक वाढवू शकते. तेव्हा ताई, त्या दुधाच्या पेल्यातला तुमचा वाटा आधी बंद. थायरॉईडची गोळी घेणाऱ्या बाईने न सांगता अश्वगंधा घेतली तर छातीत धडधड सुरू व्हायची आणि डॉक्टर भलतीकडेच शोधत बसायचे. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबरच घ्या. दूध तिला रक्तात नीट शिरू देत नाही. अर्जुनसालीचं म्हणाल, तर १९९५ साली इंदूरच्या डॉक्टरांनी हृदय अगदी थकलेल्या बारा रुग्णांना ती चालू औषधांच्या जोडीने दिली आणि बरं वाटल्याचं लिहिलं. बारा रुग्ण, आणि जोडीने. चूर्णाचा डबा उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. बरेच रुग्ण तो लपवतात, आणि घोळ तिथेच होतो.

इतका वेळ मी गोळ्या-चूर्णावर घालवला, पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात टोचलेली ओळ 'आधीपेक्षा कमी' ही आहे. पहाटे सहाला व्हेगस नस जागी करून नाडी उतरवायची आणि सातला चिमूट दाढेखाली धरायची! निकोटिन ॲड्रेनलिन वाढवतं, नाडी आणि दाब चढवतं, हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतं. चुना मळल्यामुळे ते हिरडीतून आणखी झपाट्याने शोषलं जातं. चुना उगाच नसतो त्यात. ५२ देशांत झालेल्या हृदयविकाराच्या एका मोठ्या अभ्यासात तंबाखू खाणाऱ्यांमध्ये ॲटॅकचं प्रमाण न खाणाऱ्यांच्या दुपटीहून थोडं जास्त आढळलं. 'खाल्ल्यावर डोकं शांत होतं' म्हणतील. ती शांतता बहुतेक वेळा मागच्या चिमटीची तलफ भागल्याची असते. तंबाखूनेच लावलेली आग तंबाखूनेच विझवायची.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तर तोंड नाही म्हणालात. मला वाटतं उलट तुम्हालाच तोंड आहे. 'तुम्ही सोडा' ऐवजी 'आपण दोघं सोडू' हे घरात फक्त तुम्ही म्हणू शकता. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फोन आहे, १८०० ११२ ३५६, पैसे पडत नाहीत, पुड्यांवरही छापलेला असतो. पहिले तीन-चार दिवस दोघंही चिडाल. त्या दिवसांत त्यांचा सावकाश श्वास खरा उपयोगी पडेल: तलफ आली की पाच मिनिटं श्वासच मोजायचे, तोवर ती बरीच ओसरते. निकोटिनचा च्युइंगगम घ्यायचा असेल तर मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारून.

यजमानांशी भांडण काढू नका. दोनशे पानी वही आणा, घरी दाब मोजायचं यंत्र असेल तर सकाळ-संध्याकाळ आठवडाभर त्यांच्याच हाताने आकडे लिहून घ्या. नसेल तर गावच्या आरोग्य केंद्रात मोजून मिळतो. अर्थात गोळ्या ठरल्याप्रमाणे चालू ठेवून. मग वही, गोळ्यांची पाकिटं आणि चूर्णाचा डबा एका पिशवीत घालून दोघं डॉक्टरांकडे जा, आणि प्रश्न यजमानांनाच विचारू दे: "योगामुळे माझा दाब उतरलाय, बीपीची गोळी कमी करता येईल का?" आकडे तसे असतील तर डॉक्टर ती कमी करतीलही, आणि तेव्हा त्यांच्या योगाचं कौतुक गुरुजींच्या कौतुकापेक्षा जास्त वजनाचं ठरेल. रक्त पातळ करायच्या गोळीचा निर्णय मात्र वहीतल्या आकड्यांवर होत नाही, तो स्टेंट टाकलेली तारीख बघून होतो.

राहिलं घोरणं. शवासनात डोळा लागला तर गुन्हा नाही, दिवसभर राबलेला माणूस झोपणारच. पण बसल्या-पडल्या लगेच घोरायला लागणं मला जरा खटकतं. रात्री घोरताना मध्येच श्वास थांबतो का, आणि मग घुसमटल्यासारखा आवाज करून पुन्हा सुरू होतो का, ते दोन-तीन रात्री ऐकून ठेवा. झोपेत श्वास अडकण्याचा हा विकार रक्तदाब चढता ठेवतो, हृदयावर ताण आणतो, आणि त्यावर उपचार आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर तेही लिहा. ते पान मात्र तुमच्या अक्षरात असू दे, कारण घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं कधीच ऐकू येत नाही.